मंगळवारी गल्लीत ऊन नसतं

३ मार्च, मंगळवार

आली!

सकाळी सहाला बाबांनी माझ्या दारावर थाप मारली. "उठा ग्रॅज्युएटबाई, थोरली आली!" मी अनवाणीच गच्चीवर पळाले. धुकं होतं, आधी काहीच दिसेना. मग एक दिवा दिसला, त्याच्या वर एक, त्याच्याही वर एक. मी मान वर वर नेत राहिले आणि दिवे काही संपेनात. मजले दोनदा मोजले. एकदा एकोणीस भरले, एकदा एकवीस. म्हणजे वीस धरायला हरकत नाही.

थोरली हे नाव बाबांच्या टोळीनं ठेवलंय. बाबा धक्क्यावर जहाजं बांधतात. जहाजावरून आलेला दोर ओढून घ्यायचा, लोखंडी खुंटाला अडकवायचा, निघताना सोडायचा. सव्वीस वर्षं हेच. पूर्वी एका जहाजाला सहा दोर लागायचे, आज सोळा लागले. खरं तर ही चार बहिणींतली सगळ्यांत धाकटी, नुकतीच पाण्यात उतरलेली. तसं मी म्हटलं तर बाबा म्हणाले, "जहाजांचं उलटं असतं. नवी आली की तीच थोरली. आधीच्या सगळ्या त्या दिवशी धाकट्या होतात."

दुपारी दोनला गल्लीतलं ऊन गेलं. ढग नव्हते. जहाज होतं! शेजारच्या काकू खिडकीतून बाबांवर ओरडल्या, "अहो, तुमचं जहाज जरा बाजूला घ्या, माझे कपडे वाळायचेत!"

आता दर मंगळवारी येणार. म्हणजे दर मंगळवारी आमच्या गल्लीत ऊन नसणार. मला चालेल.

४ मार्च, बुधवार

काल कामाचं लिहायचं राहिलं. थोरलीवर सहा हजार प्रवासी होते, असं आमच्या टर्मिनलचे साहेब म्हणाले. (त्यांना सगळे 'टोपी' म्हणतात. उन्हात टोपी, सावलीत टोपी.) मी माहितीच्या खिडकीपाशी पाटी धरून उभी होते: 'गावाची पायी फेरी. दोन तास.' चार महिने वाचनालयात बसून मी ही फेरी बांधलीय. जुनं दीपगृह, दोर वळणाऱ्यांची गल्ली, वखारीच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा. घरातली पहिली पदवी, तीही इतिहासाची. तिचा काहीतरी उपयोग व्हायलाच हवा.

सहा हजारांतले किती आले? अकरा. त्यातल्या दोघांना स्वच्छतागृह हवं होतं.

टोपी म्हणाले, "मला वाटलं मोठं जहाज म्हणजे मोठी वर्दळ. पण ते स्वतःच एक गाव आहे हो. आपलं गाव सोडून माणूस आपल्याकडे कशाला येईल?"

मी वाद घातला. माणसानं नवं बघायला नको का, वगैरे. पण इथे खरं लिहिते. मी वर असते तर मीही उतरले नसते.

खिडकीत त्यांचं गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलंय. जहाजाच्या मधोमध बाग आहे. खरी झाडं! समुद्रात झाडाखाली बाक! आणि चौदाव्या मजल्यावर वाचनालय. गोल खिडकी, तिच्याशी एक हिरवी खुर्ची, खिडकीबाहेर नुसतं पाणी. खुर्ची रिकामी आहे. कालपासून ते पान मी किती वेळा उघडलं ते सांगत नाही.

आई संध्याकाळी आली ती रुसल्यासारखी. आई लाँड्रीत आहे. जहाजांच्या चादरी तिथे धुवायला येतात, आई इस्त्री आणि घड्या करते. तिनं कधी मान वर करून जहाज बघितलं नसेल, पण ढीग बघून सांगते जहाज केवढं ते. आधी आठशे चादरी यायच्या, मग बाराशे, मग दोन हजार. थोरलीची एकही आली नाही. तिच्या पोटात स्वतःची लाँड्री आहे म्हणे.

"मोठं घर, पोकळ वासा!" बाबा म्हणाले.

"पोकळ कसला? पोटात लाँड्री आहे." आईनं चपला काढल्या, तशीच उभी राहिली. "केवढी असेल हो ती?"

१० मार्च, मंगळवार

आज खिडकीशी एक आजी आल्या. पांढरे बूट, गळ्यात जहाजाचं कार्ड. त्यांना कानाच्या यंत्राचा सेल हवा होता. तो मिळेपर्यंत मी त्यांना फेरीबद्दल सांगू लागले. त्या हसल्या.

"या कंपनीच्या जहाजांवरची नववी खेप आहे माझी. मी उतरत नाही बाळ. सेल संपला म्हणून आले."

मी विचारलं, कंटाळा नाही येत?

"घरी मला नावानं हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. वर रोज सकाळी सहा जण मारतात. कामाची माणसं आहेत, मला ठाऊक आहे. तरी मारतात ना!"

त्यांना ऐकवायला माझ्याकडे एक छान भाषण तयार होतं. गिळलं.

त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. जहाजाच्या पोटातलं दार उघडं होतं आणि आतून गार हवा येत होती. नव्या वहीचा असतो तसा वास. आजी आत शिरता शिरता म्हणाल्या, "तू कधी आली नाहीस वर? ये की!" जणू वरच्या मजल्यावर राहतात.

मी एक पाऊल पुढे टाकलंही. पहारेकरी म्हणाला, "कार्ड?"

१२ मार्च, गुरुवार

टोपींनी फळ्यावर कागद लावला. थोरलीची कंपनी २१ तारखेला टर्मिनलच्या हॉलमध्ये माणसं निवडणार. आचारी, वाढपी, खोल्यांची माणसं, लाँड्री — आणि सगळ्यांत खाली: बंदर-माहिती सहायक. पदवीधर हवा. प्रवाशांना पुढच्या बंदराची माहिती द्यायची. आठ महिन्यांचा करार.

हे तर माझंच काम! फक्त पाटी घेऊन खाली उभं राहायचं नाही, वर जाऊन सांगायचं. सहा हजारांतले सहाशे जरी मी उतरवले, दर बंदराला! लोक पाण्यात तरंगणाऱ्या बाजारात फिरून घरी जातात आणि म्हणतात जग बघितलं. कोणीतरी त्यांना खाली बघायला लावलं पाहिजे.

हे सगळं मनापासून वाटतं. आणि ती हिरवी खुर्चीही हवी आहे. दोन्ही.

१५ मार्च, रविवार

घरी सांगितलं. बाबा जेवता जेवता थांबले. "आठ महिने?"

"आठ महिने."

ते उठून आत गेले आणि माझं पदवीचं प्रमाणपत्र घेऊन आले. भरती-ओहोटीचं वेळापत्रक भिजू नये म्हणून धक्क्यावर जाड प्लॅस्टिकची पाकिटं देतात, त्यातल्या एकात बाबांनी ते कधीच घालून ठेवलं होतं. "हे असंच ने. पाण्यावर जातेयस. आणि पाट्या धरायला नाही शिकवलं तुला. जा."

आईचे प्रश्न भलतेच. "झोपायच्या खोलीला खिडकी असते का गं?"

"प्रवाशांना असते. कामवाल्यांना नाही."

"मग उजाडलं ते कसं कळतं?"

"घड्याळात बघून, आई!"

तिला मी पत्रक दाखवलं. बाग, वाचनालय, माझी खुर्ची. तिनं पलंगाच्या चित्रावर बोट ठेवलं. "चादरीची घडी अशी हवी की दोन टोकं धरून एक झटका दिला की पलंगभर पसरली पाहिजे. एकोणीस वर्षं घड्या घालतेय. एक पसरताना बघितली नाही." मी म्हटलं, आई, मी समुद्राबद्दल बोलतेय, तू चादरीत अडकलीस!

बिचारी. तिला यातलं काय कळणार.

१९ मार्च, गुरुवार

परवा! दहाही नखं खाऊन संपली.

२१ मार्च, शनिवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर रडू येईल. किंवा हसू.

सकाळी आई तयार होऊन बसलेली. "मी पण येते. आज सुट्टीच आहे मला. दाराशी बसेन, आत नाही येणार." लाँड्रीतलेच बूट घातलेले, निळीचे डाग पडलेले. मला लाज वाटली. लिहून ठेवते — वाटली.

हॉलमध्ये दीडएकशे मुलं-मुली, सगळ्यांच्या काखेत फायली. कडेनं टेबलं. मधोमध एक खोटी खोली उभी केलेली. तीनच भिंती, एक पलंग, टॉवेल, चादरींचा गठ्ठा. खोल्या आवरणाऱ्यांची परीक्षा तिथे. आईला तिच्यासमोर खुर्ची मिळाली.

माझ्यासमोर एक चष्मेवाले साहेब आणि एक तरुण बाई. त्यांनी विचारलं, उद्याच्या बंदराबद्दल प्रवाशाला काय सांगाल? मी आमच्याच गावाबद्दल बोलले. पुराच्या खुणांपर्यंत आले तेव्हा चष्मेवाल्यांनी घड्याळ बघितलं. मग विचारलं, "समजा प्रवासी म्हणाला, आज मला उतरायचंच नाही. तर?"

"मी त्यांना उतरवीन!"

"कसं?"

"पटवून देईन. पाऊस असला तरी. गाव पावसातही बघण्यासारखं असतं."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. हसणं वाईट नव्हतं. तरुण बाई म्हणाल्या, "तुम्ही फार छान बोलता." तिथेच मला कळलं. त्यांना हवं होतं की मी म्हणावं, नका उतरू, वर आज मालिश आहे, गाणी आहेत, नवं दुकान उघडलंय. जहाजाला माणूस वर हवा असतो. एवढं साधं! आणि मी त्यांना जहाज रिकामं करायची योजना सांगून आले.

बाहेर येते तर खोट्या खोलीभोवती ही गर्दी. वाकून बघितलं. आत माझी आई!

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पलंग उघडा केलेला, गठ्ठ्यातल्या सगळ्या चादरी आईनं उलगडून पुन्हा घड्या घातलेल्या. "आई, काय करतेस!" मी दात-ओठ खाऊन म्हटलं.

"कोपरे चुकीचे होते गं सगळे. समोर बसून किती वेळ बघणार? बसवेना मला."

तिथे एक स्कार्फवाली बाई होती, खोल्या आणि लाँड्री तिच्याकडे. मला वाटलं आता हाकलणार. ती म्हणाली, "पुन्हा करा बघू."

आईनं वरची चादर उचलली. दोन टोकं धरली आणि एकच झटका दिला. चादर वर फुगली आणि पलंगभर बसली. चारी बाजूंना सारखी, एक सुरकुती नाही. आई तशीच बघत उभी राहिली. मला वाटलं कोपरे तपासतेय.

"कुठे शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? एकोणीस वर्षं करतेय."

"अर्ज भरलात?"

गर्दी हसली. आईही हसली, तोंडावर हात धरून. स्कार्फवाली मात्र हसत नव्हती. "भरा की. खालच्या लाँड्रीला असा हात शोधून मिळत नाही." आणि कागद माझ्याच हातात दिला.

मग काय, मी भरला! हसत हसत. वय त्रेचाळीस. शिक्षण चौथी. ईमेल — आईचा कुठला ईमेल, माझाच लिहिला. आईनं सही केली, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर. आजूबाजूला लोक वाट बघत होते, तरी तिनं घाई केली नाही.

२२ मार्च, रविवार

बाबा दिवसभर आईला 'कॅप्टनसाहेब' म्हणतायत. "कॅप्टनसाहेब, मीठ." "कॅप्टनसाहेब, माझा मोजा कुठल्या बंदरात आहे?"

"पुरे हं आता," आई म्हणते. पण गालात हसते.

माझ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. मीच दोनदा म्हटलं, बहुतेक होणार नाही माझं. बाबा म्हणाले, "आधीच कशाला अपशकुन!"

२४ मार्च, मंगळवार

थोरली आली. फेरीला पाच जण. ईमेल नाही.

३१ मार्च, मंगळवार

फेरीला दोन. नवराबायको, भांडलेले. दीपगृहापाशी तो एकीकडे बघत होता, ती दुसरीकडे, मधे मी आणि माझा इतिहास.

संध्याकाळी थोरली निघताना भोंगा झाला. खिडकीच्या काचा थरथरतात, कपाटातल्या कपबश्या वाजतात. काकू खाली शिव्या घालतात. माझ्या मात्र छातीत काहीतरी उचललं जातं आणि जहाज वळेपर्यंत खाली बसत नाही. मग गल्ली एकदम मोठी आणि रिकामी वाटते. समोरच्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन येतं, आणि मला ते नकोसं होतं.

वेड लागलंय मला. लागू दे. चष्मेवाल्यांनी कदाचित विचार बदलला असेल. माणसं बदलतात विचार!

२ एप्रिल, गुरुवार

अकरा वाजून दहा मिनिटांनी दोन ईमेल. एकापाठोपाठ एक.

पहिला मला. माझ्या उत्साहाचं त्यांना कौतुक आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

दुसरा आईला. निवड झाली आहे. लाँड्री विभाग, आठ महिने. ९ एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवावा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल.

टर्मिनलच्या स्वच्छतागृहात नळ सोडून रडले. टोपी बाहेरून म्हणाले, "पाणी वाया जातंय हो!"

घरी सांगितलं, माझं नाही झालं. बाबा म्हणाले, "त्यांचं नुकसान." आणि लगेच दुसऱ्या खोलीत गेले.

आई माझ्याजवळ बसली. डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुझं एकटीचंच आलं का गं?"

"हो."

कसं निघालं तोंडातून! विचार करायलाही थांबले नाही. उद्या सांगेन.

३ एप्रिल, शुक्रवार

नाही सांगितलं. पण नीट विचार केला. आईचे गुडघे दुखतात. खाली खिडकी नाही, पाण्याच्या पातळीखाली आठ महिने. बाबांना अंडंसुद्धा उकडता येत नाही. आणि ती नाहीच म्हणणार, हे तर नक्की. मग विचारून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा? तिला 'नाही' म्हणायला लागू नये, एवढंच मी बघतेय. तिच्या भल्यासाठी.

वाचायला बरं वाटतं हे.

५ एप्रिल, रविवार

आईनं आज सगळी कपाटं आवरली. हिवाळ्याचे कपडे एका बाजूला, बाबांचे एका बाजूला. मधेच विचारते, "आठ महिन्यांत मंगळवार किती येतात गं?"

"चौतीस. किंवा पस्तीस. तुला कशाला?"

"सहज."

मी उखडलेच. "माझं झालं नाही ना आता! कशाला मोजत बसतेस?"

तिनं बाबांचा स्वेटर दोनदा उलगडला आणि दोनदा घडी घातली.

७ एप्रिल, मंगळवार

बाबा बातमी घेऊन आले. पुढच्या वर्षी थोरलीची आणखी थोरली बहीण येणार. "ती आपल्या धक्क्याला मावतच नाही. बांधायला पुढे खुंटच नाही, नुसता समुद्र! मग या सगळ्याच दुसऱ्या बंदराला जाणार म्हणे. एवढं वाढायचं कशाला, की कुठे टेकताच येऊ नये?"

आई म्हणाली, "म्हणजे हेच वर्ष."

"हेच."

आणि मी ताटात बघत होते. आई माझ्याकडे बघतेय असं वाटलं. मान वर केली तेव्हा ती पाणी ओतत होती.

पदवीच्या शेवटच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत माझा विषय होता 'सत्य'. पहिली आले होते! त्याचा कप कपबश्यांच्या कपाटात आहे. भोंगा झाला की तोही वाजतो.

खरं काय ते लिहिते. गुडघे नाहीत, खिडकी नाही, बाबांचं अंडं नाही. मला मत्सर वाटतोय. माझ्या आईचा! चौथी शिकलेल्या आईला त्यांनी बोलावलं आणि मला शुभेच्छा दिल्या. मला जायला मिळत नाही तर तिनंही जाऊ नये, असं मला पाच दिवस वाटतंय. हे पान फाडणार नाही.

८ एप्रिल, बुधवार

नाही सांगितलं.

९ एप्रिल, गुरुवार

दीड वाजता टोपींना म्हटलं, पोटात दुखतंय. खोटंही नव्हतं. सरळ लाँड्री गाठली.

लहानपणी आईला डबा द्यायला जायचे, त्यानंतर आज. आत वाफ, पाऊलभर अंतरावरचं दिसेना. तो मोठा इस्त्रीचा रूळ फिरत होता. एका बाजूनं दोघी ओली चादर सरकवत होत्या, दुसऱ्या बाजूला आई आणि आणखी एक जण. गरम चादर बाहेर आली की पकडायची, दोन पावलं मागे, दोन पावलं पुढे, घडी. बोटं भाजायच्या आत. किती वर्षं हे बघितलंच नव्हतं मी.

"आई!"

"काय झालं? बाबा?"

"बाबा ठीक आहेत! पत्र आलंय! तुझं!"

रुळाच्या आवाजात ओरडावं लागत होतं. ईमेल मोठ्यानं वाचला, ओरडूनच. 'लाँड्री विभाग, आठ महिने' म्हणेपर्यंत सगळ्या बायका थांबल्या होत्या. मोठ्या बाईंनी — त्या तिथल्या प्रमुख — रूळ बंद केला. आणि शेवटचं वाक्य मी त्या शांततेतही ओरडूनच वाचलं. "नऊ एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत!"

आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वादोन.

मला वाटलं म्हणेल, चल, काहीतरीच! मी काय जातेय! त्यासाठी मी मनात उत्तरंही तयार केली होती, तिला आग्रह करण्याची. आग्रह करून मला चांगलं व्हायचं होतं.

तिनं हात पुसले. "हो लिही."

"बाबांना तरी विचार —"

"त्यांना मी सांगते. तू हो लिही."

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. एक जण म्हणाली, "आता वरच्या मजल्यावरचा नवरा बघून ठेव, लिफ्टवाला!" आई म्हणाली, "मेले, एक आहे तोच आवरत नाही!" वाफेनं फोनचा पडदा सारखा ओला होत होता. बाहीनं पुसत पुसत टाइप केलं. दोन वाजून एकवीस मिनिटांनी गेलं.

मी म्हटलं, "आई, एक सांगायचंय. हे पत्र खरं तर —"

"रूळ सुरू करा हो," आई मोठ्या बाईंना म्हणाली. "चादरी गार होतायत."

१० एप्रिल, शुक्रवार

बाबा काल जेवणानंतर एकच शब्द बोलले. "गुडघे?"

"लिफ्ट आहे तिथे," आई म्हणाली.

आज सकाळी उठून त्यांनी स्वतः चहा केला. पाणीदार, नुसता गोड. आम्हा दोघींसमोर कप ठेवले आणि म्हणाले, "चहा कोण करणार, असं मी विचारलेलं नाही. लक्षात राहू दे."

आता 'कॅप्टनसाहेब' म्हणत नाहीत.

२६ मे, मंगळवार

दीड महिना लिहिलं नाही. कागद, डॉक्टरची तपासणी, फोटो, पुन्हा फोटो (पहिल्यात आईचे डोळे मिटलेले), पासपोर्ट. रांगेत मी, खिडकीत मी, आईच्या सगळ्या 'इथे सही करा'ला मी. माझी पदवी कशाला उपयोगी पडेल असं वाटलं होतं, आणि पडली कशाला! पण पडली. तक्रार नाही.

काल तिला जहाजाचा नकाशा शिकवला. कामवाल्यांची लिफ्ट, जेवायची जागा, दवाखाना. तिनं अगदी तळाला बोट ठेवलं. "हे आपलं." मग बोट हळूहळू वर नेत चौदाव्या मजल्यापर्यंत आणलं. "आणि ही तुझी खुर्ची. तिथे आम्हाला जाऊ देतात का?"

"नाही. प्रवाशांनाच."

"असू दे. तिच्यावरची उशी तरी धुवायला येईल ना खाली."

मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला.

अजून सांगितलेलं नाही, पत्र आठवडाभर दाबलं ते. रोज ठरवते. रोज ती काहीतरी काम काढते.

९ जून, मंगळवार

आज गेली.

चारला फाटकापाशी. गळ्यात कार्ड, हातात एकच बॅग, पायात नवे बूट. पहारेकरी तोच. मला अडवणारा. आईनं त्याला कार्ड दाखवलं, तो बाजूला झाला. इतकं सोपं. आतून तीच गार हवा आली. आईनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, हातानं मला 'केस बांध' अशी खूण केली आणि आत शिरली.

बाबांनी रजा घेतली नव्हती. टोळीतले म्हणत होते, आज तू बस. "नाही. दोर मीच सोडणार." शेवटचा दोर खुंटावरून काढला आणि पाण्यात टाकला. तो वर ओढला जाईपर्यंत तिथेच उभे. नंतर हातमोजे काढून तळहात बघत राहिले, जसं काही लागलंय.

मी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले. वीस मजले समोरून सरकत होते. वर गाणी चालू होती, कठड्याला माणसं. ती कुठल्याच मजल्यावर दिसणार नव्हती, मला ठाऊक होतं. ती खाली होती, खिडकी नसलेल्या जागी. तरी मी एकेक खिडकी बघत होते. मार्चपासून मला हे जहाज हवं होतं. आजही हवं होतं. पण नक्की काय हवंय — जहाजावर मी, की जहाजावरून परत आई — ते मला वेगळं करता येईना.

घरी आम्ही दोघंच. बाबांनी अंडी उकडली. फुटली. खाल्ली.

१२ जून, शुक्रवार

आईचा फोन. कुठल्याशा बंदरातून, फार तर तीन मिनिटं. मागे मशीनची घरघर. गुडघे ठीक. रूळ आमच्या लाँड्रीतल्याच्या तिप्पट. ती भराभरा सांगत होती, मी मधेच तोडलं आणि एका दमात बोलून टाकलं: पत्र दोन एप्रिललाच आलं होतं. मी लपवलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी कंपनीनं मोठ्या बाईंना फोन केला होता, चौकशीचा. निवडलंय म्हणून सांगितलं. बाई पळत आल्या मला सांगायला."

मग म्हटलं, मग विचारलं का नाहीस?

"तू सांगितलं नसतंस तर मी गेले नसते. बोललेही नसते कधी."

आणि मग म्हणाली, "जेवलीस का?"